टोकाच्या गावाला येईपर्यंत

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधीच लागला नाही. चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही, आणि चौथीतही गुरुजी माझ्या पाटीवर इतक्या फुल्या मारायचे की माझं लिहिलेलं खाली दबून जायचं. तेव्हा ही पानं कोणाच्या हाती लागलीच, तर त्यानं वेलांट्या पाहू नयेत, मजकूर पाहावा. तशी ती कोणाच्या हाती लागावीत म्हणून मी लिहीत नाहीच. मुलगा पुण्याला असतो. नात ऋतू इथं अमरावतीला होस्टेलवर राहून कॉलेज शिकते आणि रविवारी माझ्याकडे जेवायला येते. बाकीचे दिवस या खोलीत मी आणि कुकर. कुकरची शिट्टी झाली की घरात कोणी बोलल्यासारखं वाटतं.

गेल्या रविवारी ऋतूनं जेवता जेवता पुस्तक उघडलं. राज्यशास्त्राचं. परीक्षेला एक प्रश्न येणार होता म्हणे, भूगोलाचा आणि राजकारणाचा संबंध काय. "आजी, किती कंटाळवाणं आहे बघ," ती म्हणाली. "नद्या, डोंगर, सीमा, जमीन. याचा नि निवडणुकीचा काय संबंध?" मी तिला वरण वाढत होते. मला हसू आलं, मग ते आपोआप थांबलं. तिला काही सांगावंसं फार वाटलं. पण समोर माणूस असला की माझे शब्द पोटात परत जातात, हे लहानपणापासूनचं आहे. ती माझी नात असली तरी माणूसच आहे. ती गेल्यावर भांडी घासली, हात पुसले आणि लिहायला बसले.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, अगदी शेवटचं. गावाला लागून नाला, आणि नाल्याच्या पलीकडे अकोला जिल्हा सुरू. म्हणजे आमच्या गोठ्यातली कोंबडी नाला ओलांडून गेली की ती अकोल्याची. बाजार आम्हाला मूर्तिजापूरचा जवळ, तो अकोल्यात. सातबारा, रेशनकार्ड, तक्रार, सगळं मात्र अमरावतीकडे. पोटाला एक जिल्हा आणि कागदाला दुसरा. जे काही सरकारकडून निघे ते गावागावांतून उतरत उतरत आमच्याकडे शेवटी पोचायचं. घासलेट यायचं ते पिंपाच्या बुडाचं, गाळ बसलेलं. एसटी पावसाळ्यात आधीच्या गावावरूनच वळून जायची, कारण आमची काळी माती चाक धरून ठेवते. नवे गुरुजी यायचे ते इतर गावांनी नको म्हटलेले.

आणि पुढारीही शेवटी. निवडणुकीत त्यांची जीप सकाळी तालुक्याहून निघायची, वाटेत प्रत्येक गावाला भाषण व्हायचं, आणि दिवस कलताना भोंगा आमच्या शिवारात ऐकू यायचा. भोंग्यातली गाणी खणखणीत असायची, पण माणूस बोलायला उभा राहिला की त्याच्या तोंडून नुसती खरखर. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, पुढारी म्हणजे ज्याचा घसा बसलेला असतो तो. शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार, तेव्हा एक पोरगा मुद्दाम आवाज फाटका करून म्हणाला होता, "आमदार!" आम्ही सगळे हसलो होतो. गुरुजी तालुक्याजवळच्या गावचे, तिथं भाषणं सकाळीच व्हायची. ते का हसले नाहीत हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

आता पाण्याचं लिहिते. आमचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन सोन्यासारखी, मूग, तूर, हरभरा पावसावर येतो तो असा येतो की पाहतच राहावं. पण विहिरीत दोर सोडला की वर मिठाचं पाणी. त्यात साबण फेसाळत नाही, केस राठ होतात, धुतलेलं धोतर वाळलं की उभं राहतं. चहा केला तर दूध फाटतं. वरणाची डाळ दिवसभर उकळली तरी दाणा न् दाणा वेगळा राहतो. म्हणून घरात दोन माठ असायचे, एक गोड्या पाण्याचा आणि एक खाऱ्याचा. गोडं पाणी बाबा बैलगाडीत पिंप ठेवून लांबच्या गावच्या विहिरीवरून आणायचे. ते प्यायला, चहाला आणि आठवड्यातून एकदा वरणाला, त्यातही थोडं खारं मिसळून. एरवी भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ठेचा. ज्या दिवशी वरण असे त्या दिवशी माय सकाळपासून जराशी खुशीत असायची. चुलीपाशी बसून ती डाळ बोटानं चेपून पाहायची आणि म्हणायची, "शिजली वं माय, शिजली." जशी काही कोणाची तब्येत सुधारली.

स्वयंपाकाच्या गाडग्यात खारं पाणी आणि भाजीला मीठ अगदी चिमूटभर, ही सवय हाताला इतकी बसली होती की मीठ ही वेगळी घालायची वस्तू आहे हे मला फार उशिरा समजलं. ते पुढे येईलच.

घरी चार माणसं. बाबा, माय, माझा मोठा भाऊ गजानन, त्याला मी दादा म्हणायची, आणि मी. शाळा चौथीपर्यंतच होती, पुढच्या शाळेला नाला ओलांडून अकोल्याच्या गावात जावं लागे आणि पोरीला कोण पाठवतं. मी घरातलं, शेतातलं करायची. आणि वयात आल्यावर गावातल्या बालवाडीत जायला लागले. बालवाडीच्या बाई दर्यापूरहून यायच्या, म्हणजे बहुधा यायच्या नाहीत. मग पोरांना मीच सांभाळायची. बाई म्हणाल्या होत्या की मदतनिसाची जागा मंजूर होतेय, तुझंच नाव देते. मोठ्या माणसांपुढे माझा आवाज निघत नसे, पण त्या शेंबड्या पोरांपुढे निघायचा. उजळणी म्हणायला लागले की माझं मलाच नवल वाटायचं. विहिरीवर पाणी ओढताना मायला ते ऐकू जायचं. एकदा घरी आल्यावर ती मला न्याहाळत म्हणाली, "ते तूच होती का वं? मले वाटलं कोनी बाईच आली नवीन." मला त्या जागेशिवाय दुसरं काही नको होतं. पगार किती हे मी विचारलंही नव्हतं.

अडचण दादाच्या लग्नाची होती. दादा उंच, कामाचा, निर्व्यसनी. पण खाऱ्या पाण्यात पोरगी कोण देणार? आमच्या गावात चांगली चांगली पोरं बिनलग्नाची म्हातारी होत होती. शेवटी अंजनगावकडचं एक घर तयार झालं. केळीची बाग, पानमळा, बारमाही गोडं पाणी. पोरगी शोभा, तिला एक थोरला भाऊ. तिचे वडील घर पाहायला आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि रिकामा गडवा हातात फिरवत बाबांना म्हणाले,

"हे कोठलं पानी?"

"आनलेलं हाय," बाबा म्हणाले.

"आन रोजचं दाखवा."

माय आत माझ्याकडे पाहायला लागली. मी विहिरीचं पाणी फुलपात्रात नेऊन दिलं. त्यांनी ते तोंडात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि उठून ओट्याखाली थुंकून आले. राग नव्हता त्यांना. तोंड पुसून म्हणाले, "पोरगा चांगला हाय तुमचा. पन माही शोभा हे कशी पेईन, सांगा बरं?"

 मग शोभाच्या वडिलांनीच तोड काढली. निवडणूक जवळ होती आणि सगळे पुढारी नळयोजना नळयोजना करत होते. ते म्हणाले, "नळ येते म्हनून राहिले सारे. येऊ द्या. नळ लागला त सरळ लगन करू. नाई लागला त साटं. तुमची पोरगी माह्या पोराले द्या, मी माही देतो. मंग मले बी काळजी नाई आन तुमाले बी नाई."

साटं म्हणजे पोरीच्या बदल्यात पोरगी. दोन्ही घरं एकमेकांच्या लेकी नीट सांभाळतात, कारण आपलीही तिकडे असते. आमच्या पट्ट्यात असं पुष्कळ व्हायचं. त्यांच्यात वाईट कोणी नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. बाबा "बरं" म्हणाले. मी दाराआड होते. म्हणजे आता माझं सगळं नळावर होतं. नळ आला तर मी बालवाडीत, नाही आला तर अंजनगावकडे.

प्रचाराचा अखेरचा दिवस होता. दिवस मावळायला आला तेव्हा भोंगा वाजत आला. पाराजवळचं पहिलं घर आमचं, म्हणून उमेदवार साहेब आमच्याच ओट्यावर टेकले. अंगावर सगळी आमच्या रस्त्याची धूळ. त्यांनी काहीतरी म्हटलं ते कोणालाच कळलं नाही. बरोबरचा माणूस म्हणाला, "बाई, साहेबांचा घसा पार गेला. जरा गरम पाणी करा, मीठ टाकून. गुळण्या करतील." माय आत आली. गोड्या पाण्याच्या माठात तळाला थोडंच उरलं होतं, गाडी सकाळी जायची होती. माय माझ्या कानाशी लागली, "चहाले गोडं घे. गुळनीले विहिरीचं तापव. गुळनी थुकाचीच हाय."

"आन मीठ?"

"मीठ कायले वाया घालतं? हाय ना त्याच्यात."

मी तांब्या नेऊन दिला. साहेबांनी अंगणाच्या कडेला उभं राहून गुळणी केली, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. दुसरी केली. मग वळून खरखरत म्हणाले, "पोरी, मीठ जरा जास्त पडलं गं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. गल्लीतली माणसं, जीपमधली माणसं, कुंपणावरची पोरं. बालवाडीतली पोरं होती त्यांच्यात, आणि मला वाटतं त्यांच्यामुळेच माझ्या तोंडून निघालं, "मीठ नाई टाकलं. विहिरीचं पानीच हाय ते."

 मग शेजारचे नामदेवकाका म्हणाले, "साहेब, आमच्या गावात घसा कोनाचाच बसत नाई. आमी दिवसभर गुळन्याच करतो." जो हशा पिकला! साहेबही हसले. आणि हसता हसता त्यांचा आवाज मोकळा झाला. गरम खाऱ्या पाण्यानं घसा उघडतो, यात चमत्कार काही नाही, पण आम्ही तसं कधी पाहिलं नव्हतं. पारावर उभे राहून ते बोलले ते शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. "या गावच्या लेकीनं आज मला मीठ न घालता मिठाच्या गुळण्या करायला लावल्या," ते म्हणाले. "ही चव मी विसरणार नाही. निवडून आलो तर नळ या गावापर्यंत येईल." माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी माजघरात तोंड लपवून बसले होते आणि कान मात्र तापले होते.

रात्री ओट्यावर सगळ्यांचं एकच. आवाज कसा खणखणीत होता. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही. आज मला वाटतं, आधीच्या गावांनी खणखणीत आवाज फार ऐकलेले होते, म्हणून ती गावं तितकी भाळत नसत. आमच्यासाठी तो पहिलाच. तो आम्ही खरेपणाचा आवाज समजलो.

साहेब निवडून आले. आणि हेही लिहिलं पाहिजे की ते विसरले नाहीत. योजना मंजूर झाली, यादीत आमचं गाव होतं. घरटी वर्गणी भरायची होती, ती भरल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं. त्या साली हातात काही नव्हतं. माझी एक बकरी होती, काळी, एक कान पांढरा. तिला मी दुधाच्या बोळ्यावर वाढवली होती. बाबा गोठ्यात येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले, विचारेनात. मग मीच दावं सोडून त्यांच्या हातात दिलं. ती मूर्तिजापूरच्या बाजारात गेली. जाताना नाल्यात उतरेपर्यंत ओरडत होती, पलीकडे चढल्यावर ऐकू आली नाही.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले बरे दिवस. गावात माझं नाव झालं होतं. नामदेवकाका येता जाता म्हणायचे, "का वं नळवाली, आला का तुहा नळ?" ट्रकमधून पाइप आले, नाल्याकाठी रचले. पोरं त्यांत शिरून ओरडायची आणि दुसऱ्या तोंडाला कान लावायची. चर खणला, त्यातून पांढरी माती निघाली. पाराजवळ ओटा बांधून त्यावर तोट्या बसवल्या. शोभाचा आणि दादाचा साखरपुडा झाला. बाई दर्यापूरहून आल्या तेव्हा म्हणाल्या की मदतनिसाच्या जागेची मंजुरी आली आहे, वरून नावं मागवली आहेत. मी रोज बालवाडीतून येताना त्या कोरड्या तोटीला हात लावून यायची. उन्हानं ती तापलेली असायची.

मग पाणी सोडायचा दिवस आला. साहेबांना यायला जमलं नाही. एक तरुण इंजिनियर आला. नारळ फोडला, बाया घागरी घासून पुसून ओळीनं उभ्या. त्यानं तोटी फिरवली. आधी काहीच नाही. मग आतून आवाज आला. खर्रर्र. नुसता वारा. थोडं लाल पाणी खोकल्यासारखं पडलं आणि पुन्हा खर्रर्र. ओळीतून कोणीतरी म्हणालं, "हे त पुढाऱ्यावानी बोलून राहिलं!" सगळे हसले. मीही हसले. आणि मग आवाज तसाच चालू राहिला आणि हसणं थांबलं.

इंजिनियर बिचारा दिवसभर खटपट करत होता. पाना घेऊन जागोजाग उघडून पाहत होता. संध्याकाळी त्यानं बाबांना सांगितलं की टाकी तालुक्याकडे आहे, लाइन सगळ्या गावांतून येते, जमिनीला उतार नाही, जो तो आपल्यापुरतं ओढतो. टोकाला पाणी पोचत नाही. बाबांनी नाल्यापलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या गावाला अकोल्याच्या योजनेचा नळ होता, त्यांची टाकी त्यांच्या शेजारीच. पाणी वाहताना इकडून दिसायचं, बाया कपडे धूत बसलेल्या.

"तेथून जोडून द्या ना साहेब. चार पाइपाचं काम हाय."

"ते अकोल्याचं पाणी आहे, काका. योजना वेगळी, जिल्हा वेगळा."

बाबांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "पान्याले का मालूम, आमी कोन्या जिल्ह्याचे?"

तो ओशाळला होता. हाताला ऑइल लागलं होतं, मी विहिरीचं पाणी घातलं. तो साबण चोळत राहिला, फेस येईना. शेवटी तसेच हात रुमालाला पुसून तो गेला.

काही दिवस आमच्या बाया नाला ओलांडून तिकडून भरायच्या. मग तिकडच्या बायांनी घागरी अडवल्या. "आमच्या नळावर आमचे मतं पडले हायेत. तुमचे साहेब तुमाले पाजतीन," असं एकीनं मायला म्हटलं. ती बाई मूर्तिजापूरच्या बाजारात मायच्या शेजारी बसायची, दोघी एकमेकींच्या तराजूवर नजर ठेवायच्या. मायनं रिकामी घागर डोक्यावर ठेवली आणि परत आली. त्या दिवशी वरणाचा वार होता. मायनं चूल पेटवली नाही.

ऋतूनं मागे एकदा मला मोबाइलवर नकाशा काढून दाखवला होता. बोटांनी ताणत ताणत आमच्या गावापर्यंत नेला. नाला त्यात दिसलाच नाही. एक तुटक रेघ होती फक्त. "ही जिल्ह्याची सीमा, आजी." मी त्या रेघेवर बोट ठेवलं तर सगळं गावच बोटाखाली झाकलं.

शोभाचे वडील पुन्हा आले तेव्हा मी बालवाडीत होते. मला कोणी बोलावलं नाही, विचारलं नाही. पोरांकडून पाढे म्हणून घेत होते, आवाज चढला होता. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर बाबा. त्यांनी हातानंच खूण केली, चालू दे. ते चौकटीला टेकून उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. मी दोनाचा संपवला, तिनाचा संपवला. त्यांनी मला थांबवलं नाही म्हणून मी चाराचाही घेतला. पाढे संपल्यावर पोरं पळाली. बाबा म्हणाले, "चाल, माय. तुही माय बोलावते." मला सगळं कळलं. वाटेत नळाजवळून गेलो तेव्हा दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

दोन्ही लग्नं एकाच मांडवात झाली. शोभा आमच्या घरी गेली, मी तिच्या घरी आले. तिकडे पाणी पाहून मी गांगरले. पाटानं वाहायचं, केळीच्या बुडाशी उभं राहायचं, कोणी त्याला जपत नव्हतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी वरण लावायला सांगितलं. मी आमच्या घरच्यासारखा भलामोठा जाळ करून बसले, आणि पाहते तो डाळीचं पीठ झालेलं. मीठही घरच्यासारखंच टाकलं, चिमूटभर. पंगत बसली. सासऱ्यांनी घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "मीठ आनलं नाई का वं माहेरून?" सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "खाऱ्या गावची, आन हात अळणी!" तेव्हापासून घरात माझं नाव खारी पडलं. त्यात दुष्टावा नव्हता, माझ्या नवऱ्यानं तर ते वरण हूं की चूं न करता पोटभर खाल्लं. तोही माझ्यासारखाच अबोल. दोन अबोल माणसं एका खोलीत असली की फार शांत असतं. पुढच्या दिवाळीला माहेरी गेले तर शोभावहिनीच्या हातची भाजी तोंडात धरवेना. ती मीठ आपल्या माहेरच्यासारखं मूठ भरून टाकायची. दादा गुपचूप जेवत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ती पदरानं डोळे टिपायला लागली. मी तिला सांगितलं, "वहिनी, चिमूटभर पुरते वं." एवढंच मला सांगता येण्यासारखं होतं.

सासरी मला बोलायचं काम फारसं पडत नसे. कधी कधी दिवसाकाठी "हो" आणि "वाढू का" एवढेच शब्द व्हायचे. मग केळीला पाणी वळायला गेले की आजूबाजूला कोणी नाही हे पाहून मी मोठ्यानं पाढे म्हणायची. पानांच्या सळसळीत ते कोणाला ऐकू जात नसावं. आवाज आहे की गेला, एवढंच पाहायचं असायचं.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी दुपारी बाबा आले. ते सहसा येत नसत, लेकीच्या घरचं अन्न त्यांना चालत नसे. ओट्यावर बसले. मी तांब्या दिला. त्यांनी तो वर धरून सगळा पिऊन टाकला, दुसरा मागितला, तोही प्याले. "गंज गोड हाय, लय गोड," म्हणाले. मग बंडीच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काढून माझ्या हातात दिलं.

"का हाय, बाबा?"

"तुह्या बकरीचे. आपलं गाव योजनेतून काढलं. सरकारनं सगळ्याइची वर्गनी वापस केली."

मी कागद उलगडला. मला दुसरंच विचारायचं होतं. "बालवाडी चालते का?"

"चालते. नामदेवची पोरगी असते तेथं. चांगली हाय. पन आवाज नाई तिले. घरापर्यंत येत नाई." बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मोजून घे, माय."

"तुमी मोजूनच आनले असतीन."

"तरी मोज. मोठ्यानं मोज."

सासूबाई आत होत्या, सासरे बागेत. मी ओट्याच्या कडेला बसले आणि एकेक नोट खाली ठेवत मोठ्यानं मोजलं, बालवाडीत मोजायचे तसं. बाबा खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. मोजणं संपलं तेव्हा आतून सासूबाईंनी विचारलं, कोण बोलतंय.

पैसे पूर्ण होते.